साळवेकाकांचा ळ

साळवेकाका देवाशी सरकारी भाषेत बोलतात.

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायचो. रोज सकाळी त्यांची प्रार्थना आमच्या न्हाणीघराच्या खिडकीतून थेट आत यायची. "हे दयाळू पित्या, विषय : अंजूची बारावीची परीक्षा. उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, गणिताच्या पेपरला मुलीचं डोकं शांत ठेवावं. प्रकरण तातडीचं आहे. आदेशार्थ सादर. आमेन." तोंडात ब्रश असताना मीही खालून नकळत 'आमेन' म्हणायचो. एखादी मागणी पुरी झाली नाही तरी काका खट्टू व्हायचे नाहीत. "फाइल वर गेलीय, देशपांडे. साहेबांच्या टेबलावर गर्दी किती असते, तुम्हाला काय सांगायचं!"

याकोब साळवे मूळचे नगरकडचे. केंद्र सरकारात साधे असिस्टंट म्हणून लागले आणि सेक्शन ऑफिसर होऊन रिटायर झाले. ऑफिसात कामाला वाघ आणि घरीही वाघच. उन्हाळा आला की अख्ख्या ब्लॉकच्या कूलरना नवं गवत तेच बसवायचे. शनिवारी संध्याकाळी घरातले सगळे बूट जिन्यात मांडून पॉलिश करायचे आणि हात लागलाच आहे म्हणून आमच्याही पोरांचे चमकवून ठेवायचे. मी एकदा विचारलं, "काका, देव बूट कशाला बघतोय?"

"देव नाही हो, आपण बघतो. प्रार्थनेला मान खाली घातली की समोर काय दिसतं? बूटच ना? ते मळके असले की लक्ष उडतं."



काकांचं सगळ्या जगाशी जमायचं, फक्त एका बाबतीत दिल्लीशी त्यांचं कायमचं वैर होतं. दिल्लीला ळ म्हणता येत नाही. बँकेत, दवाखान्यात, भाजीवाल्याकडे, कुणी 'साल्वे जी' म्हटलं की काका तिथल्या तिथे शिकवणी सुरू करायचे. "साल्वे नहीं भैया, साळवे. जीभ को ऊपर मोडो. हां, और मोडो." सरोजिनी नगरच्या बाजारात एका मोजेवाल्याला त्यांनी इतका वेळ जीभ मोडायला लावली की त्यानं शेवटी कंटाळून भाव कमी केला.

त्यांचं एकच मोठं स्वप्न होतं. त्यांच्या चर्चमध्ये नाताळच्या आधी गाण्यांची संध्याकाळ असते. मल्याळी गातात, तमिळ गातात, पंजाबी ढोलकी घेऊन येतात. मराठी गाणं मात्र कधीच झालं नव्हतं, कारण मराठी घर एकच, साळव्यांचं. काका दरवर्षी पाळकसाहेबांना भेटायचे. ते हसून म्हणायचे, "साल्वे जी, टोली तो होनी चाहिए न!"

यंदा नवे, तरुण पाळक आले. ते म्हणाले, "बिल्कुल अंकल, क्यों नहीं?"

काकांनी त्याच संध्याकाळी मला फोन केला. आता ते दिल्लीला लागून असलेल्या वैशाली वसाहतीतल्या फ्लॅटमध्ये मुलाबरोबर राहतात आणि मी तिथून दोन गल्ल्या पलीकडे. "देशपांडे, सँक्शन आली! तबला काढा."

"अहो, पण मी चर्चमध्ये…"

"तबल्याला जात असते का? रविवारी जेवण झाल्यावर हजर राहा."

टोळी म्हणजे घरचीच माणसं : मुलगा आनंद, मुलगी अंजू, तिचा सरदार नवरा गुरप्रीत, दोन्हीकडची नातवंडं आणि मार्थाकाकू. गाणं काकांच्या आईनं जात्यावर म्हटलेलं, कुठल्याही पुस्तकात नसलेलं. 'बाळ जन्मलं, वेळ झाली, जवळ या गं सगळ्या जणी.' एका ओळीत चार ळ!

पहिल्याच रविवारी नातवंडं खणखणीत आवाजात गायली, "बाल जन्मलं, वेल झाली…"

काकांनी पेटी थांबवली. "कुणाचे केस जन्मले? आणि ही वेल कुठून उगवली? चर्चमध्ये गातोय आपण, पार्लरमध्ये नाही!"

"आजोबा, वही तो बोल रहे हैं," धाकटी नात म्हणाली.

गुरप्रीतनं मनापासून जोर लावला. "बाड़," तो म्हणाला. "पप्पा जी, अब ठीक है?" काकांनी डोळे मिटले. बहुधा वर एक तातडीची फाइल पाठवली असावी.

असे तीन-चार रविवार गेले. काका हजेरी घ्यायचे, रजा नामंजूर करायचे. ळ काही उगवेना. पोरं कंटाळून मोबाइलकडे बघायला लागली. आनंद एकदा दबकत म्हणाला, "बाबा, हिंदीतलं एखादं घेऊ या का? यार, लोक हसतील."  काकांनी पेटीचा भाता बंद केला, तो आवाज मला आवडला नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून कुणीतरी म्हणालं, "बाळ. वेळ. जवळ. सगळ्या."

एकदम स्वच्छ. नगरच्या जात्यावरून उचलल्यासारखं.

दारात चहाचा ट्रे घेऊन शायनी उभी होती. आनंदची बायको, कोट्टायमची. काका तिच्याशी कायम इंग्रजीत बोलायचे आणि तेही ऑफिसातल्यासारखं, 'प्लीज' आणि 'काइंडली' लावून. तिला मराठी येणार नाही असं गृहीत धरून त्यांनी तिला गाण्यात घेतलंच नव्हतं. ती मार्थाकाकूंच्या हाताखाली भाकरीबरोबर मराठीही शिकली होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"तुला… तुला ळ येतो?" काकांनी विचारलं.

शायनीनं ट्रे खाली ठेवला. "पप्पा, ळ आला नाही तर आम्ही 'केरळ' कसं म्हणणार?"

 मार्थाकाकू पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आयुष्यभर दिल्लीची जीभ मोडणारे साळवेकाका सुनेच्या मुलखाला इतकी वर्षं 'केरला' म्हणत आले होते! काका खुर्चीतून उठले आणि गंभीरपणे म्हणाले, "चूक आमच्या कार्यालयाची आहे. आजपासून ळ-विभाग तुझ्याकडे. आणि तू पहिल्या ओळीत उभं राहायचं."

त्यानंतर घराचं रूपच पालटलं. शायनी पोरांना भांडी पुसताना, बुटाच्या नाड्या बांधताना ळ शिकवायची. 'डोळे मिट', 'केळं खा', 'पळ आता'. गुरप्रीत गाडी चालवताना रेड लाइटवर 'बाळ, बाळ' करत बसायचा. एकदा शेजारच्या गाडीतल्या बाईनं काच वर केली म्हणे.

आणि ऐन कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी काकांचा आवाज बसला.

अगदी बंद. गळ्याला मफलर, हातानं खुणा. दिल्लीच्या डिसेंबरची हवा, कुणाला नवल वाटलं नाही. मार्थाकाकूंनी इतका कडू काढा दिला की वासानंच मला ठसका लागला. काकांनी तो निमूट प्यायला. आनंदचा चेहरा पडला. "बाबांशिवाय सुरुवात कोण करणार? कॅन्सल करू या का?"

"मी करते," शायनी म्हणाली. "पेटी अंजू घेईल."

चर्च गच्च भरलं होतं. आमची टोळी पुढे उभी राहिली. काका सगळ्यात मागच्या बाकाशी, खांबाला टेकून. शायनीनं डोळे मिटून पहिली ओळ उचलली, मी सम गाठली आणि पोरं तुटून पडली. 'बाळ जन्मलं, वेळ झाली!' एकही केस जन्मला नाही, एकही वेल उगवली नाही. गुरप्रीतचा ळ तर इतका दणदणीत होता की पंजाबी ढोलकीवाला खुशीत येऊन आमच्यात सामील झाला. तिसऱ्या वेळी मल्याळी बायका टाळ्या वाजवत 'जवळ या गं' म्हणायला लागल्या, मग सगळं चर्चच. पाळकांनी माइक घेतला, "एक बार और!" आम्ही पुन्हा गायलो. आनंद, ज्याला लोक हसतील असं वाटत होतं, त्याचा सूर सगळ्यांच्या वर होता.

संपल्यावर मी काकांना शोधायला बाहेर आलो. ते फाटकाशी होते आणि रिक्षावाल्याला खड्या आवाजात सुनावत होते, "अरे भैया, मीटर से चलो! बुजुर्ग हैं तो लूटोगे क्या?"

मी मागे उभा होतो. ते वळले. मफलर सावरायला हात गेला, पण आता उपयोग नव्हता.

"काका, गळा?"

"गळ्याला काय झालंय?"

"मग हे सगळं? काकूंना माहीत होतं?"

"काढा उगाच का एवढा कडू केला तिनं?" ते हसले. मग थोडा वेळ चर्चच्या उघड्या दाराकडे बघत राहिले. आतून पोरांचा गोंधळ ऐकू येत होता. "देशपांडे, घरात माझाच आवाज मोठा. प्रार्थना मी सांगणार, गाणं मी उचलणार, बाकीचे मागून येणार. मी नसलो तर मागे काही उरतं की नाही, हे मला कसं कळावं? म्हटलं, एकदा ऐकून घ्यावं. आपण असताना."



तेवढ्यात सगळी बाहेर आली. नातवंडांनी आजोबांना मिठ्या मारल्या. काकांनी घाईनं गळ्याला हात लावला आणि पुन्हा मुके झाले. शायनी पुढे झाली. "पप्पा, थंडीत असे उभे नका राहू," म्हणत तिनं आपली शाल काढून त्यांच्या मफलरवर गुंडाळायला घेतली.

काकांनी मान खाली घातली आणि गुंडाळू दिली.