टिटवीचं चॅनल

एका जंगलात, म्हणजे बाळांनो, चांगली रेंज येणाऱ्या जंगलात, एक टिटवी राहत होती. वाघ निघाला की ओरडायचं, हा तिच्या घराण्याचा पिढीजात उद्योग. ती ओरडली की हरणं पळून जीव वाचवायची आणि वर तिलाच अपशकुनी म्हणायची. चालायचंच.

मग जंगलात 'रानपडदा' आला. जो तो मान खाली घालून व्हिडिओ बघू लागला. नुसत्या ओरडण्याकडे आता लक्ष देतो कोण? टिटवीनेही चॅनल काढलं. पाणवठ्यावरची हरिणी तिला म्हणाली, "बाई गं, पाडसाला घेऊन तुझ्याच भरवशावर येते हो पाण्यावर."

टिटवीने पहिला व्हिडिओ टाकला. 'वाघ आला, पळा.' संपला व्हिडिओ. रानपडद्याने तो तिथल्या तिथे उडवला. का, तर भीती पसरवणारा मजकूर, शिवाय एका समाजाची बदनामी. तिने दाद मागितली. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं, की आम्ही आपल्या प्रकरणाचा काळजीपूर्वक विचार केला आहे. पुन्हा असं कराल तर चॅनल कायमचं बंद.

बिचारी गेली सरडे सरांकडे. चॅनल कसं चालवावं हे शिकवण्याचंच सरांचं चॅनल होतं. दुसरं त्यांना काही येत नव्हतं. सर म्हणाले, वाघ हा शब्द आधी काढून टाक, पट्टेरी काका म्हण. थंबनेलवर चोच वासलेला फोटो लाव. व्हिडिओ लांबव, मध्ये जाहिरात बसायला हवी.

"आणि मुद्दा शेवटी," सर म्हणाले. "आधीच सांगितलास तर पुढे बघेल कोण?"

टिटवीला पटलं. शहाण्याला शब्दाचा मार.

दुसऱ्या दिवशी करवंदीच्या जाळीत पट्टे हलले. टिटवीच्या अगदी घशाशी आलं होतं, पण चॅनल आठवलं आणि तिने ते गिळलं. लगेच लाइव्ह गेली. नमस्कार मित्रांनो, आज पाणवठ्यावर कोण येतंय ते कळलं तर थक्क व्हाल, शेवटपर्यंत बघा. मग घंटी दाबायची विनंती झाली. मग कोवळ्या गवताची जाहिरात. मग पट्टेरी काकांच्या बालपणाविषयी थोडंसं. हरिणी काठावर उभी राहून मन लावून बघत होती. हे काका कोण, तिला काही कळेना, पण उत्सुकता मोठी. पाडस पाणी पीत होतं.

मुद्दा आला तेव्हा पाडस नव्हतं.

"ओरडली का नाहीस गं?" हरिणीने विचारलं.

"सांगणारच होते," टिटवी रडत म्हणाली. "शेवटी होतं ते."

संध्याकाळी रानपडद्याचा अहवाल आला. आपले प्रेक्षक मध्येच गळतात, सुरुवात आणखी रंजक करावी. व्हिडिओ शेवटपर्यंत बघणारा एकच निघाला. त्याने खाली आवर्जून लिहिलं होतं, "सुंदर माहिती. उद्या पाण्यावर कोण कोण येणार, तेही सांगत जा. तुझा, काका."

तात्पर्य: बाळांनो, वाघाला वाघ म्हणू नये. पाडसं काय, पुढच्या वर्षी पुन्हा होतात. बंद पडलेलं चॅनल पुन्हा उभं राहत नाही.