आमची तब्येत

जावई रुग्ण सांभाळणाऱ्यांच्या आधारगटात आले ते बायकोच्या धाकाने. बायको नर्स. ती दिवसभर परक्यांची शुश्रूषा करी, आणि चष्म्याचं दुकान लवकर बंद करून तिच्या वडिलांची शुश्रूषा जावई करत. "एकदा तिथे जा आणि मन मोकळं करून ये," तिने बजावलं होतं. "तू आडवा झालास तर बाबांना संस्थेत ठेवावं लागेल. मग मला बोलायचं नाही."

सासऱ्यांना जावई मामा म्हणत. मामा संस्थेत, ही कल्पनाच त्यांना सोसवेना. म्हणून मामांजवळ शेजारणीला बसवून ते वाचनालयाच्या मागच्या खोलीत येऊन टेकले.

गटप्रमुख बाई निवृत्त मुख्याध्यापिका. "इथे नियम एकच," त्या म्हणाल्या. "पेशंटबद्दल बोलायचं नाही. ते घरी आहेच. इथे फक्त स्वतःबद्दल. बोला, कसं चाललंय?"

"आता बरं आहे," जावई म्हणाले. "भिंत धरून चालतो आम्ही."

बाईंनी चष्मा वर सरकवला. "जेवण?"

"सूप अर्धं टाकतो. दाढीला बसलो की मान हलवतो. काल काय खाल्लं ते आज आठवत नाही. पण रात्री घोरतो छान, तेवढंच समाधान."

सेवा मनापासून चालली की माणसातला 'मी' असा हळूहळू विरघळत जातो. साधुसंत याला वरची पायरी म्हणतात. डॉक्टर म्हणतात, झोप कमी पडतेय.

"घरी कोण असतं?" बाईंनी जपून विचारलं.

"मामा आहेत की."

"तेच बघतात?"

"बघतात ना. दिवसभर, खिडकीतून."

आईला सांभाळून सांभाळून तयार झालेला बेकरीवाला शेजारीच बसला होता. तो बाईंच्या कानाशी लागला, "एकटा आलाय हो हा. रस्ता चुकला असता म्हणजे?"

कोपऱ्यातली चाकाची खुर्ची पुढे आली. जावयांना दोघांनी अलगद उचलून तीत ठेवलं.

"अहो, पेशंट मी नाही."

"नाहीच मुळी," बाई मायेने म्हणाल्या. "आमच्या घरचेही हेच म्हणतात."

जावयांनी वाद घातला असता, पण तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या पायांवर शाल टाकली. आजवर त्यांनी शाल दुसऱ्याच्या पायांवर टाकली होती. ऊब गुडघ्यांपर्यंत आली, वाक्य ओठांपर्यंत आलं, आणि डोळे मिटले.

बाईंनी घरी फोन लावला. "जावयांना तुम्हीच सांभाळता ना?"

फोन मामांनीच उचलला होता. "हो," मामा म्हणाले. "पण हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

बेकरीवाला गाडी घेऊन गेला आणि मामांना घेऊन आला. कानटोपीवर बेकरीच्या गाडीतला मैदा, हातात वॉकर, एकेक पाऊल तोलून टाकत मामा दारातून आत आले, आणि खोलीत ज्याच्या त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाईंचा चेहरा तर मामांच्या टोपीसारखाच पांढरा झाला. पण मामा तोवर गोलातल्या रिकाम्या खुर्चीवर बसलेही होते.

"मन मोकळं करायचं ना इथे? मग ऐका. मला रात्री झोप नाही. पण मी जागा दिसलो की जावईबापू उठून बसतात. म्हणून मी घोरतो. मोठ्याने घोरतो. मग ते झोपतात."

बेकरीवाल्याने आपली खुर्ची पुढे ओढली.

"सूप मला आवडतं. तरी अर्धं ठेवतो. वाया जाऊ नये म्हणून ते पितात, नाहीतर दिवसभर पोटात काही नसतं त्यांच्या. फक्त यांना कळू देऊ नका हं. सेवा करणाऱ्या माणसाची सेवा चोरूनच करावी लागते."

बेकरीवाल्याने उगाच नाक शिंकरलं. "मामा, दुपारी माझी भट्टी थंडच असते. मी येऊन बसत जाईन तुमच्यापाशी."

"या की. पण बेल वाजवू नका. ते झोपलेले असतील."

बाईंनी चष्मा पुसला. चूक कशी कबूल करावी ते न सुचून त्यांनी गटाचा नेहमीचा प्रश्न पुढे केला, "आणि मामा, तुम्ही स्वतः कसे आहात?"

मामांनी चाकाच्या खुर्चीकडे पाहिलं. शाल पायांवरून घसरली होती. वॉकर पुढे सरकवत ते उठले, एका हाताने ती नीट केली आणि ओठांवर बोट ठेवलं.

"आम्ही झोपलोय. जरा हळू बोला."