गिटारच्या कांब्या आणि थेल्माच्या चेरी

लाकूड, बांबू आणि फायबरग्लास यांतलं इतरांना किती कळतं ते मला ठाऊक नाही, मला मात्र सगळं कळतं! निदान त्या मंगळवारी सकाळी नऊपर्यंत तरी माझी अशी ठाम समजूत होती.

फेरीबोटीवरची नोकरी संपल्यावर मी गिटार करायला घेतली. आयुष्यातली पहिलीच. तिच्या दर्शनी बाजूची फळी किंग बिली पाइनची होती, माझी बायको नेरिडा हिच्या वडिलांच्या जुन्या होडीतली शेवटची. ते झाड आता तोडू देत नाहीत. फळी बिघडली तर दुसरी मिळणार नाही, हे नेरिडाने मला सांगितलं. रोज सांगितलं. चहा देतानाही सांगितलं.

तर या फळीला आतून बारीक पट्ट्या चिकटवायच्या असतात, आणि गोंद वाळेपर्यंत त्या दाबून धराव्या लागतात. त्यासाठी लवचीक कांब्या हव्यात. फळी टेबलावर ठेवायची, कांबीचं एक टोक पट्टीवर, दुसरं थेट छताला, आणि मधे कांब धनुष्यासारखी वाकलेली. ती सरळ व्हायला धडपडते आणि पट्टी दाबून धरते. प्रश्न एवढाच, की कांब कशाची घ्यायची?

आधी ओकच्या घेतल्या. फाडकन मोडल्या! एक तुकडा नेरिडाच्या कॉर्नफ्लेक्समध्ये जाऊन पडला. मग बांबू आणले. एक वाकता वाकेना आणि दुसरा उकडलेल्या गाजरासारखा लोळला.

"फायबरग्लास!" मी जाहीर केलं. "सगळ्या सारख्या वाकतात, मोडत नाहीत!"

"आणि आणणार कुठून?" नेरिडाने दूध गाळता गाळता ओकचा तुकडा बाहेर काढला.

मी शेजारच्या थेल्मा डिरीनला फोन लावला. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज बोटीच्या भोंग्याचा. दर डिसेंबरला गावच्या प्रदर्शनात चेरीचं पहिलं बक्षीस तिचंच.

"थेल्मा, तुझ्याकडे फायबरग्लासच्या पांढऱ्या कांब्या आहेत ना गं?"

"शेडमागच्या? ने की बाबा! सगळ्या ने, नुसत्या पडून आहेत. मी डॉक्टरकडे चाललेय."

शेडमागे गेलो, तर चेरीच्या झाडाभोवती चोवीस कांब्या रोवलेल्या! वर कसलीशी जाळी. थेल्माबाई थकल्या, पसारा आवरत नाही, असं मनाशी म्हणत मी कांब्या उपटल्या. एवढंच नाही, जाळीची नीट घडी घालून बाकावर ठेवली. शेजारधर्म!

घरी येऊन चोवीसच्या चोवीस कांब्या टेबल आणि छत यांच्यामधे बसवल्या. स्वयंपाकघर सर्कशीच्या पिंजऱ्यासारखं दिसायला लागलं. मी कौतुकाने बघत होतो, तेवढ्यात बाहेरून भोंगा वाजला.

"गस! चोर! माझ्या झाडावर रोझेला पोपटांची पंगत बसलीय! जाळी कुणीतरी काढली!"

"वाऱ्याने उडाली असेल," मी दारात येत म्हणालो.

"वारा घडी घालतो? कोपऱ्याला कोपरा जुळवून?"

आणि मग माझ्या खांद्यावरून तिला स्वयंपाकघर दिसलं.

"अरे मेल्या! मी गवतात पडलेल्या जुन्या जुडीबद्दल बोलत होते! काढ त्या! शनिवारी प्रदर्शन आहे!"

"थेल्मा, पाच तास हात लावता येणार नाही!" मी आडवा आलो. "गोंद वाळतोय! पट्ट्या निसटल्या तर नेरिडाच्या वडिलांची फळी..."

"मग ती जुनी जुडी रोवतोस का जाळीखाली?" थेल्मा गरजली.

ती जुडी मी धावत जाऊन आणली. उन्हापावसात खराब झालेली ती, थेल्माने हातात घेताच काड्यापेटीतल्या काड्यांसारखी मोडली. थेल्मा आणि नेरिडा, दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बायकांचं इतक्या झटपट एकमत झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"फळी हलणार नाही," नेरिडा म्हणाली. "तू जा, जाळी धर."

त्यानंतरचे पाच तास मी डोक्यावर जाळी घेऊन, दोन्ही हातांत दोन झाडू उंच धरून चेरीच्या झाडाला टेकून उभा होतो. हात खाली आला की खुर्चीतून थेल्माचा भोंगा वाजायचा. "गस! डावी बाजू!" नाकाला खाज सुटली तर ती झाडाच्या खोडावर भागवायची. एक पोपट जाळीबाहेर, माझ्या नाकासमोर बसून चेरीची बी थुंकला. पोस्टमन दोनदा येऊन बघून गेला. टपाल एकच होतं.

दुपारी सुटका झाली. खांदे भरून आले होते, पण मान ताठ! दोघींसमोर मी एकेक कांब अलगद काढली.

"बघा," मी म्हणालो, "याला म्हणतात दाब! एकसारखा, चोवीस ठिकाणी!" आणि फळी उचलून उभी धरली.

टप. टप. टप. सगळ्या पट्ट्या एकापाठोपाठ एक जमिनीवर.

सकाळी मी नुसती तालीम घेत होतो. कांब्या इतक्या देखण्या बसल्या, की त्या आनंदात गोंद लावायचाच राहिला!

नेरिडाने फळी माझ्या हातातून काढून घेतली, उजेडात उलटसुलट पाहिली. ओरखडासुद्धा नव्हता. मग ती खुर्चीत बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. थेल्मा मात्र हसली नाही. तिने कांब्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कांब्यांकडे.

"गस," ती म्हणाली, "शनिवारपर्यंत कांब्या राहू देत तुझ्याकडे. जाळीला तूच बरा होतास."