रुग्णालयाच्या जागेवर हळद

नियोजन म्हणजे काय ते मला विचारा! वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं कारखान्यांचे नकाशे काढलेत मी. त्यामुळे आमच्या मानपाड्याला सरकारी रुग्णालय हवं असं ठरलं, तेव्हा समितीचं प्रमुखपद मी आपणहूनच घेतलं. दुसरं होतं कोण?

जमीन महिपतदादांची. फुकट दिली माणसाने! दोन वर्षांपूर्वी त्यांच्या सुनेचं बाळंतपण भर ट्रॅफिकमध्ये रिक्षात झालं, तेव्हापासून दादा हट्टालाच पेटलेले. आता आरोग्य खात्याच्या नीला मॅडम जागा बघणार, 'मोकळी आहे, ॲम्ब्युलन्स आत वळते' असं लिहिणार, की निधी सुटणार. गुरुवारी चार वाजता.

"दादा, जागा चकाचक ठेवा हां," मी बजावलं.

ठेवली की! जेसीबी लावून, पाणी मारून, अगदी अंगणासारखी. गुरुवारी फाईल घेऊन पोचलो तर प्लॉटवर हा भलाथोरला मांडव, डीजे आणि मटणाचे टोप!

"दादा, हे काय?"

"पुतण्याची हलद! एवढी साफ जागा कुठं गावंल रं? तूच बोललास ना चकाचक कर!"

"अहो, मॅडम येतायत!"

"मंग येव दे की. जेवून जातील!"

मॅडम आल्या. "हा तुमचा मोकळा भूखंड?"

"तात्पुरतं आहे, मॅडम..." पुढचं डीजेने गिळलं.

त्यांनी फाईलवर काहीतरी खरडलं आणि गाडीकडे वळल्या. निधी चालला! मी धावलो, मांडवाच्या दोरीत पाय अडकला आणि हळदीच्या परातीत आडवा झालो. पायातून कडकन आवाज!

मॅडमनी मला, पिवळ्याधमक माणसाला, स्वतःच्या गाडीत घातलं. "जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं?"

"तेच तर मागतोय, मॅडम!" मी ओरडलो.

पावणेदोन तास लागले. मी अख्खा रस्ता बोंबलत होतो. मॅडम हळूच म्हणाल्या, "अर्जात लिहिलेल्या त्या सुनेला किती वेळ लागला होता हो?"

"ती पोचलीच नाही, मॅडम. वाटेतच झालं."

तीन आठवड्यांनी मॅडम माझ्या घरी आल्या. मांडव उतरल्यावर जागा पुन्हा बघून आल्या होत्या. पहिला हप्ता मंजूर! सोबत आलेले दादा रिक्षात जन्मलेल्या नातीला कडेवर घेऊन ढसाढसा रडले. माझेही डोळे भरले, खोटं कशाला बोलू?

"आणि त्या दिवशीचं नियोजन!" मॅडम म्हणाल्या. "टँकर आत वळेल एवढी वाट, पाणी, जनरेटर, हजार माणसांची सोय. अप्रतिम! जरा नंबर द्या ना."

मी प्लास्टर सावरत ताठ बसलो. "घ्या. नऊ आठ दोन..."

"तुमचा नाही हो. मांडववाल्याचा!"

भूमिपूजनाचा मांडव आता तेच हळदीचे मांडववाले, बाबुराव, घालतायत. मला पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीये. फक्त निरोप आलाय, दोरीपासून लांब बसा म्हणून.