सुनेक डिझेल

संगणकानं केलेलं काम शर्मिष्ठाबाई पुन्हा तपासत नसत. तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेल्या बाईनं यंत्रावर संशय घ्यायचा म्हणजे हद्द झाली!

त्यांच्या मुलाचा, मिहीरचा, साखरपुडा दोन दिवसांवर आला होता. आठ मुलींनी नकार दिल्यावर कुठे कुडाळची मथुरा हो म्हणाली होती! साखरपुड्याआधी देवळात गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे सगळ्यांच्या वतीनं मागणं, घालायचं ते गावातल्या वयोवृद्ध भाईंनी. पण हल्ली त्यांना पाठ आठवेना, म्हणून ते कागदावरून वाचत. बाईंकडे फाइल होती ती देवेशच्या नव्या होडीसाठी घातलेल्या गाऱ्हाण्याची.

"ताच चलात गो," भाई म्हणाले. "देवेशाची होडी अजून तरंगतासा! होडी काड, सून घाल. बाकी एक शब्द हलवू नको!"

बाईंनी चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. अर्ध्या सेकंदात सतरा ठिकाणी होडीची सून झाली! पहिल्या दोन ओळी झकास दिसल्या. छापून टाकलं.

साखरपुड्याच्या सकाळी देवळात मुलीकडची पंचवीस माणसं हात जोडून उभी. भाईंनी जाड चष्मा चढवला.

"बा देवा म्हाराजा! ही नवी सून तुझ्या पायाशी इली आसा!"

"व्हय म्हाराजा!" देऊळ गरजलं.

"ह्या सुनेक डिझेल कमी लागांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाईंनी कागद काढून घ्यायला हात पुढे केला! पण सुरू झालेलं गाऱ्हाणं मध्येच तोडायचं नसतं. आणि लोकांचं काय, भाईंनी एसटीचं वेळापत्रक वाचलं असतं तरी त्यांनी होकार भरला असता!

"सुनेत काठापर्यंत बांगडो भरांदे! पावसाळ्यात तिका झावळांखाली झाकून ठेवतलंव, वाळवेपासून राख रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मिहीर पांढराफटक पडला. नववा नकार आता पक्का!

गाऱ्हाणं संपताच मथुरेचे वडील, गंगाराम, पुढे आले. "बाई, ह्या कोणी लिवल्यान?"

"मी... म्हणजे, प्रोग्रामानं..."

मागे मथुरा, पदर तोंडावर, खांदे गदगदताहेत. बाईंना वाटलं, पोरगी रडते आहे! तिनं पदर काढला, तर हसून हसून डोळ्यांत पाणी!

"डिझेलाचा माका चलात, आई. पण सगळ्यो अटी माकाच? मिहीरासाठी पण गाऱ्हाणा व्हया. नायतर साखरपुडो नाय!"

"आमच्याकडे ट्रॅक्टराचा आसा!" गंगाराम खुलले. "ट्रॅक्टर काडा, जावय घाला!"

बाई देवळाच्या पायरीवर बसल्या आणि गंगारामांनी फोनवर पाठवलेल्या गाऱ्हाण्याची एकेक ओळ वाचून हातानं बदल करू लागल्या. नांगर काढला, ग्रीस काढलं. 'सकाळी पयल्याच झटक्यात चालू होवंदे' ही ओळ मात्र त्यांनी मुद्दाम ठेवली. आजवर मिहीरला अंथरुणातून उठवायचं काम त्यांच्याच गळ्यात होतं ना!