चिंधीत बांधलेलं स्प्रॉकेट

सकाळच्या सरावात कदिरवेल तिसरा आला आणि तिथूनच सगळं बिघडलं.

खरं तर तिसरा पुरेसा होता. कोईमतूरहून निघताना त्याची बायको पूंगोदै हिनं एकच अट घातली होती. पहिल्या तिघांत आलात तर मोटारसायकल घरात राहील, नाहीतर ती तिथंच विकून यायचं. अट काही जुलमी नव्हती. मागच्या शर्यतीत कदिरवेलच्या खांद्याचं हाड दुसऱ्यांदा मोडलं, तेव्हा तो पलंगावर पडून शर्यतींचे व्हिडिओ बघत होता आणि घरच्या वर्कशॉपमधून पंपांचे शाफ्ट वेळेवर जावेत म्हणून पूंगोदै स्वतः लेथवर उभी राहिली होती. त्यानंतर तिनं शर्यतींवरून कधी भांडण काढलं नाही. कदिरवेलला भांडणाचीच सवय होती, त्यामुळे तो जास्त घाबरला होता.

चेन्नईबाहेरचा हा ट्रॅक त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता. कोईमतूरचा ट्रॅक आखूड, वळणावळणांचा. तिथं मागच्या चाकाला चव्वेचाळीस दात्यांचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, लागतं. इथं लांबलचक सरळ पट्टा होता. जितके दाते कमी तितका सरळ पट्ट्यात वेग जास्त, पण वळणातून बाहेर पडताना गाडी आळसावते. कदिरवेलनं घरी बसून हिशोब केला आणि स्वतःच्या मशीनवर एकोणचाळीस दात्यांचं स्प्रॉकेट कापलं. बाजारात तसं मिळत नाही. त्यावर तो तिसरा आला होता.

"तिसरे! मच्चान, आता गाडीला हात लावू नका," मरुदाचलम म्हणाला. हा पूंगोदैचा धाकटा भाऊ; बहिणीच्या नवऱ्याला तो मच्चान म्हणे. कोईमतूरला त्याची बेकरी होती आणि तो जिथं जाईल तिथं खोबऱ्याच्या बनांचे डबे घेऊन जाई. सकाळपासून त्यानं अर्ध्या शेडला बन खाऊ घातले होते आणि अर्ध्या शेडची नावं त्याला पाठ झाली होती.

"तिसरा म्हणजे काठावरचा," कदिरवेल म्हणाला. "जरा कुणाचा धक्का लागला की चौथा. तू अमलदासला वळणातून निघताना पाहिलंस?"

"पाहिलं की. पण सरळ पट्ट्यात तुम्ही त्याला मागं टाकलंत."

"ते सोड. वळणातून तो गोफणीतला दगड सुटावा तसा सुटतो. त्याला किती दाते असतील?"

अमलदास इथला गेल्या तीन हंगामांचा विजेता. त्याची गाडी पलीकडच्या शेडमध्ये उभी होती आणि तिच्या मागच्या स्प्रॉकेटवर जुन्या लुंगीची चिंधी बांधलेली होती. सगळ्यांच्याच गाड्यांवर तशी चिंधी होती. इथली रीतच ती. माणूस तुम्हाला स्वतःचं हेल्मेट देईल, पेट्रोल देईल, तुम्ही पडलात तर उचलून दवाखान्यात नेईल. दाते मात्र मोजू देणार नाही. कदिरवेलनंही आपल्या स्प्रॉकेटवर पूंगोदैच्या जुन्या साडीचा तुकडा बांधला होता.

"मरुदू, बनांचा डबा उचल. त्याच्याकडं जा. गप्पा मार आणि मोजून ये."

"सरळ विचारलं तर?"

"सरळ विचारलं तर कोण सांगतं, वेड्या!"

मरुदाचलम गेला आणि चहा थंड व्हायच्या आत परतला. "बेचाळीस."

"मोजलेस?"

"विचारलं. त्यानं सांगितलं."

कदिरवेलनं डोक्याला हात लावला, मग तो काढला. बेचाळीस. म्हणजे वळणाची सगळी गंमत त्या तीन दात्यांत होती. इथं जन्म काढलेला माणूस बेचाळीस लावतो आणि आपण कोईमतूरला बसून कागदावर एकोणचाळीस ठरवतो! त्याच्या पिशवीत चव्वेचाळीस होतं. बेचाळीस नव्हतं.

पूंगोदै त्यांच्या व्हॅनच्या मागच्या दारात बसून लिंबूभात वाढत होती. "अहो, जेवून घ्या. तिसरे आहात."

"पहिला येतो. मग जेवतो."

"अट पहिल्याची नव्हती."

ते त्याला ऐकू आलं नाही. त्यानं मागचं चाक उतरवलं, आपलं स्प्रॉकेट काढलं, कुणाला दाते दिसू नयेत म्हणून साडीच्या तुकड्यात नीट गुंडाळलं आणि मरुदाचलमच्या हातात दिलं. "पुन्हा जा. म्हणावं, एखादं बेचाळीसचं जादा असेल तर आजच्यापुरतं दे. हे सोबत ने. बोल्टची भोकं जुळतात का, ते याच्यावर ठेवून बघ."

या वेळी मरुदाचलमला वेळ लागला. तो आला तेव्हा त्याच्या हातात लुंगीच्या चिंधीतलं स्प्रॉकेट होतं. कदिरवेलनं चिंधी सोडून दाते मोजले. बेचाळीस होते. दात्यांवर चेनचं ताजं तेल चमकत होतं.

"बघितलंस? अजून ओलं आहे. म्हणजे सकाळी चाललेलं हेच ते," कदिरवेल हरखून म्हणाला. "आणि गाढवानं ते दिलं! काय घेतलं त्यानं?"

"बन. आणि मच्चान, तो म्हणाला की—"

"बनावर विकला गेला! पाना दे इकडं. बोलू नकोस, वेळ नाही."

"पण मच्चान, ते आपलं—"

"पाना!"

मरुदाचलमनं पाना दिला.

तीन दाते वाढले तशी चेन पुरेना. ती पुरावी म्हणून कदिरवेलनं मागचं चाक पार पुढं सरकवलं. चाक पुढं आलं तशी गाडी आखूड झाली आणि आखूड गाडी वेगात थरथरते, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्यानं मागची स्प्रिंग सैल केली. मागचा भाग बसला तसं पुढचं टोक वर आलं, म्हणून ते खाली आणायला पुढचे दांडे क्लॅम्पमधून वर सरकवले. मग टायरमधली हवा कमी केली, कारण आता एवढं सगळं बदललंच होतं. सकाळी जी गाडी तिसरी आली होती, तिच्यातला रंग तेवढा उरला.

"तुमचं स्प्रॉकेट कुठंय?" पूंगोदैनं विचारलं. ती जेवणाचे डबे आवरत होती. "माझ्या साडीत बांधलेलं."

"असेल मरुदूकडं. आता प्रश्न नको, हेल्मेट दे."

तिनं भावाकडं पाहिलं. मरुदाचलम बनांचा रिकामा डबा अगदी मन लावून पुसत होता.

शर्यत सुरू झाली आणि पहिल्या वळणाला कदिरवेल खरोखरच गोफणीतून सुटला. दुसऱ्या वळणाला तो दोघांना ओलांडून दुसरा झाला. आयुष्यात पहिल्यांदा आपल्याला या खेळातलं काही कळतं, असं त्याला वाटलं. ते समाधान सरळ पट्टा येईपर्यंत टिकलं. पट्ट्याच्या अर्ध्यावर इंजिनानं गळा काढला आणि पुढं जायचं नाकारलं. शेवटचा गिअर कधीच पडला होता. इंजिन बोंबलत होतं, गाडी होती तिथंच होती आणि डावीउजवीकडून माणसं त्याच्याकडं बघत पुढं निघून जात होती.

मग प्रत्येक फेरीत तेच झालं. वळणांवर तो घाम गाळून दोघांना गाठायचा आणि पट्ट्यावर तेच दोघे त्याला आरामात मागं टाकायचे. शेवटच्या फेरीत शेवटच्या वळणातून तो तिसरा बाहेर पडला. हे पुरेसं होतं. पण शर्यतीची रेघ आखणाऱ्यानं ती वळणाच्या तोंडाशी आखली नव्हती, सरळ पट्ट्याच्या पार टोकाला आखली होती.

तो चौथा आला. अमलदास पहिला आला, आणि तोही असा की त्याच्या मागं बराच वेळ रस्ता मोकळा होता.

कदिरवेल हेल्मेट न काढताच शेडमध्ये बसून राहिला. थोड्या वेळानं अमलदास स्वतःच आला. त्याच्या एका हातात करंडक होता आणि दुसऱ्या हातात साडीचा तुकडा.

"अण्णा, नमस्कार करतो तुम्हाला. सकाळी पट्ट्यावर तुम्ही मला सोडून गेलात, तेव्हापासून डोक्यात किडा होता की या कोईमतूरच्या माणसानं लावलंय तरी काय! मी म्हटलं, हा कशाला सांगतोय. आणि तुम्ही तर थेट पाठवूनच दिलंत." त्यानं मरुदाचलमच्या पाठीवर थाप मारली. "हा म्हणाला, भोकं जुळतात का बघा. मी बघितलं. जुळली. मग मी म्हटलं, माझं तू ने, तुझं मी ठेवतो."

कदिरवेलनं हेल्मेट काढलं. "ते जादाचं नव्हतं?"

"जादाचं कुठलं! मी गाडीवरचंच काढून दिलं. इतकी वर्षं बेचाळीसवर चालवतोय. पट्ट्यावर ती गाडी मरतेच हो." त्यानं मरुदाचलमकडं बोट केलं. "तुम्हाला सांगितलं नाही यानं?"

सगळ्यांनी मरुदाचलमकडं पाहिलं.

"मी दोनदा सांगायला गेलो," तो म्हणाला. "तुम्ही पाना मागितला."

कदिरवेलला त्याला शिव्या द्यायच्या होत्या, पण सुरुवात कोणापासून करावी हे ठरेना. हेरगिरीला त्यानंच धाडलं होतं, स्प्रॉकेट त्यानंच काढलं होतं आणि कुणी दाते मोजू नयेत म्हणून ते त्यानंच बांधून दिलं होतं.

"अण्णा, हे कापलं कुणी?" अमलदासनं विचारलं. "बाजारात नाही मिळत. आमच्या क्लबात सगळ्यांनाच हवंय."

"आमच्याच वर्कशॉपमध्ये होतं," पूंगोदै म्हणाली. पहाटेपासून पहिल्यांदाच तिचा आवाज मोकळा झाला होता. "किती हवेत?"

अमलदासनं वीस सांगितले. मग तो गाडीभोवती एक फेरी मारून आला आणि ती विकायची आहे का, हेही त्यानं विचारलं, कारण मरुदाचलमनं त्याला बन खाताना तेही सांगून टाकलं होतं.

परतीच्या प्रवासात व्हॅनमध्ये मागं मोटारसायकल नव्हती. तिच्या जागी मरुदाचलम पाय पसरून झोपला होता.

पुढच्या आठवड्यात कदिरवेल लेथशेजारच्या मशीनवर एकोणचाळीस दात्यांची स्प्रॉकेटं कापायला बसला. अमलदासच्या क्लबातल्या प्रत्येक माणसासाठी एक; त्याला मागं टाकून गेलेलेही त्यात होते. पूंगोदै स्टुलावर बसून प्रत्येकाचे दाते बोटानं मोजत होती आणि मगच ते चिंधीत गुंडाळत होती. एकावर तिचं बोट थांबलं. तिनं पुन्हा मोजलं.

"हे बेचाळीस आहे."

"चुकून झालं असेल."

"चुकून व्हायला मशीन पुन्हा लावावं लागतं," ती म्हणाली. "मी चालवलंय हे." मग तिनं विचारलं, "कुणाच्या नावाचं होतं?"

कदिरवेलनं ऑर्डरच्या यादीवरचं तिसऱ्या आलेल्या माणसाचं नाव अंगठ्याखाली झाकलं. ते स्प्रॉकेट तिनं बाजूला ठेवलं आणि संध्याकाळी चहाचं गरम पातेलं त्याच्यावर उतरवलं. ते अगदी घट्ट बसलं, जरासुद्धा हललं नाही.