गुणवंतरावांचा गारवा

ऐन मे महिन्यात, जेव्हा चंद्रपुरात कावळेसुद्धा चोच वासून बसतात, तेव्हा गुणवंतराव रामटेके रोज सकाळी गळ्याला मफलर गुंडाळून ओसरीत येत आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी शिंक देत.

"काऊन जी, सर्दी झाली का?" शेजारचा अयूबभाई विचारी.

"काय सांगू भाऊ! रातभर एसी. हाडं गोठून राह्यले."

शिंक तपकिरीची होती. एसी बंद होता.

घुग्घुसकडच्या कोण्या साहेबाच्या बंगल्यातून निघालेला तो जुना एसी गुणवंतरावांनी हौसेने आणला. त्याला जागा म्हणून खिडकीतला लोखंडी कुलर काढून भंगारात दिला. कुलर म्हणजे घरचा म्हातारा बैल. दर मार्चात ताट्यांत नवे गवत भरा, पंप साफ करा, टाकीला डांबर फासा आणि संध्याकाळी बादलीभर पाणी पाजा; बिचारा पावसाळ्यापर्यंत ओढायचा. पण कार्यालयातल्या हेडक्लार्कच्या घरी बैल शोभतो का?

एसी पहिल्या संध्याकाळी घुरघुरला. गल्लीतले दिवे मिणमिणले, अयूबभाईच्या टीव्हीवरची बातम्या देणारी बाई आक्रसून पट्टीएवढी झाली आणि खांबावरचा फ्यूज ठाण्णकन उडाला. त्यानंतर एसीचा हिरवा दिवा लागे, पंखा फिरे, पण गार वारा काही येईना. मिस्त्री म्हणाला, "कंप्रेसर गेला. ह्याले दुरुस्त करण्यापरीस दुसरा घ्या. अन् दुसराबी ह्या व्होल्टेजवर जाईनच."

गल्लीच्या टोकाला उभे राहिले की वीज केंद्राची धुराडी दिसतात. राख इथल्या पापडांवर पडते आणि वीज मुंबईला जाते. धुराड्याखाली राहणाऱ्याला एक एसी चालवण्यापुरते व्होल्टेज मिळत नाही, आणि त्याची लाज कोणाला वाटते? सरकारला नाही. गुणवंतरावांना!

गल्ली झोपली की गुणवंतराव, बायको गिरजाबाई आणि मुलगी रोशनी अशी घरची तिन्ही माणसे चोरासारखी गच्चीवर जायची आणि उजाडायच्या आत खाली येऊन दारे लावून घ्यायची.

"सांगून टाका ना एकडाव, बंद हाये म्हणून," गिरजाबाई म्हणत. "घामोळ्यानं पाठ सोलून निघाली माह्यी."

"अन् रोशनीची सोयरीक?"

तिथे गिरजाबाई पाठ खाजवत गच्चीची वळकटी उचलत. आलापल्लीच्या सोमाजी दुर्ग्यांचा राजदीप आश्रमशाळेत मास्तर होता. पोराने पोरगी पाहिली होती, पोरीने पोरगा पाहिला होता. दोघेही एकमेकांना पसंत होते. पण मध्यस्थाने आलापल्लीत ज्याला त्याला सांगून ठेवले होते, "पोरीच्या घरी एसी हाये." आता सोमाजी आणि त्यांच्या पत्नी कांताबाई घर पाहायला आणि साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढायला यायचे होते.

ते भर दुपारी आले. एसटीतून उतरून स्टँडपासून पायीच. व्याही म्हणून जायचे, तेव्हा सोमाजींनी स्वतःच्या लग्नातला काळा कोट घातला होता. दारात येऊन त्यांनी "जयभीम" म्हणून हात जोडले आणि जोडलेल्या हातांनिशीच उंबऱ्यावर कोसळले.

"ऊन लागलं!" कांताबाई किंचाळल्या.

गल्ली धावून आली. अयूबभाईने सोमाजींना काखेत धरून उचलले. "इथी काऊन ठेवता? एसीवाल्या खोलीत घ्या!"

"नाई नाई, ओसरीतच बरं," गुणवंतराव आडवे आले. "एकदम गरमातून थंडीत नेलं तं माणूस दगावते."

"दगावून राह्यलाच हाये! सरका!"

आठ-दहा माणसे सोमाजींना घेऊन आत घुसली आणि त्यांना खाटेवर टाकले. अयूबभाईने दार लावले, शिवाय फटीत टॉवेल कोंबला. "थंडक बाहेर नाई गेली पाह्यजे. लावा जी एसी."

एरवी देवाचे नाव न घेणाऱ्या गुणवंतरावांनी आज ते घेतले आणि बटण दाबले. हिरवा दिवा लागला. पंखा घरघरला आणि बाहेरची भट्टी, धुळीसकट, आत फुंकू लागला.

सगळ्यांनी एसीकडे तोंडे केली. एकानेही आयुष्यात एसी अनुभवला नव्हता. थंड लागत नाही म्हणावे, तर आपणच अडाणी ठरू. शेवटी कांताबाई कपाळाचा घाम पदराने टिपत म्हणाल्या, "किती गारवा हाये बाई!"

"वा!" अयूबभाईच्या दाढीतून घाम ठिबकत होता. "कश्मीर!"

"मले तं शिरशिरी भरून राह्यली," मागून कोणीतरी म्हणाले.

मग गुणवंतरावांनाही चेव आला. आपल्या खोट्यावर दहा जण शिक्का मारत आहेत म्हटल्यावर माणसाला भान राहत नाही. त्यांनी ट्रंकेतून ब्लँकेट काढले आणि ऊन लागलेल्या माणसाच्या अंगावर, काळ्या कोटावरून, हनुवटीपर्यंत पांघरले. "इतकी थंडी बाधू नये म्हणून."

सोमाजींनी डोळे उघडले. जीभ टाळ्याला चिकटली होती. समोर भावी व्याही, भोवती शहरातली माणसे. आपण जंगलातून आलो, आपल्याला काय कळते एसीतले! ते कसेबसे म्हणाले, "लय... थंड... हाये जी," आणि त्यांनी डोळे पांढरे केले.

रोशनी पुस्तकाच्या पुठ्ठ्याने त्यांना वारा घालत होती. ती थांबली. "बाबा, हे मरतीन!"

गुणवंतरावांनी मान खाली घातली. होणाऱ्या जावयाचा बाप डोळ्यांदेखत शिजत होता आणि हेडक्लार्कची इज्जत दार अडवून बसली होती.

तेवढ्यात गिरजाबाईंनी पायानेच दार उघडले. हातात रांजणातल्या पाण्याची बादली होती. त्यांनी ब्लँकेट ओढून फेकले आणि अख्खी बादली सोमाजींवर उपडी केली; गादी-उशी भिजली आणि एसीवरही शिंतोडे उडाले.

"अवो, एसी भिजला ना!" अयूबभाई ओरडला.

"भिजू दे! बंद हाये थो! आणला त्या दिवसापासून बंद हाये! काढा ह्यांले बाहीर, नाई तं तुमच्या त्या कश्मीरातच पुरा लागन!"

कोणी कोणाकडे पाहिले नाही. सगळ्यांनी मुकाट्याने खाट उचलली आणि गल्लीतल्या निंबाखाली ठेवली. ओला पंचा, कांद्याचा रस, कैरीचे पन्हे. संध्याकाळपर्यंत सोमाजींना तरतरी आली. गल्ली हळूहळू पांगली. फारच शरमून पांगली, कारण गारवा तर सगळ्यांनाच लागला होता.

गुणवंतराव खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसले. मफलरही नव्हता, शिंकही नव्हती.

"इवाईबुवा," ते म्हणाले, "चूक माह्यी हाये. सोयरीक तोडाची असन तं तोडा. पण पोरीले नावं नका ठेवू. थे अन् तिची माय पहिल्यापासून म्हणत होत्या, सांगून टाका म्हणून."

सोमाजी खाटेवर उठून बसले. मग त्यांनी कांताबाई ऐकत नाहीत ना हे पाहिले आणि बोटाने गुणवंतरावांना जवळ बोलावले.

"एक विचारू का जी?"

"विचारा."

"हा असा बंदवाला कुठी भेटते?"

"काय?"

"हळू बोला ना! साक्षगंधाले तुमचे पाव्हणे येतीन आमच्या घरी. आलापल्लीत अजून कोणापाशी नाई. खिडकीत बसवून ठेवतो. पण चालूवाला नको बरं. चालूवाल्याले बिल येते."

गुणवंतरावांनी त्यांच्याकडे पाहिले. मग ते जमिनीवरून उठले, ढुंगणाची धूळ झटकली, सदऱ्याची कॉलर नीट केली आणि कार्यालयात अर्जदाराशी बोलतात त्या आवाजात म्हणाले,

"पाहू. पण त्याले नंबर लावा लागते."